बंदा रुपया : लेखांक १४ – राजाच्या छातीवरचा हत्ती

सातव्या एडवर्डच्या उघड्या मस्तकापाशी गेल्या आठवड्यात आपण थांबलो होतो, आणि मुंबई व कलकत्ता या दोन टांकसाळींच्या खुणा कशा ओळखाव्यात हे या लेखांकात सांगण्याचे मी कबूल केले होते. ते कथन एक आठवडा लांबणीवर टाकण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. वरणगावच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या देवघरातील पेटीत पाचव्या जॉर्जचा १९१८ सालचा एक रुपया आहे. त्यांचे वडील त्याला ‘डुकराचा रुपया’ म्हणत, आणि त्याचे मोल फार मोठे असल्याची वदंता घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती खरी काय, असे त्यांनी विचारले आहे. असा प्रश्न हाती आल्यावर टांकसाळीच्या खुणा कोणाला सुचणार?

उत्तर प्रथम देतो. १९१८चा रुपया तो नव्हे. ज्या रुपयावरून हे नाव पडले तो केवळ १९११ सालचा होय. पुढे त्याच राजाच्या साऱ्या रुपयांना ते सरसकट चिकटले. वाचकांची निराशा झाली असेल, परंतु त्या नावामागील हकीकत एखाद्या दुर्मीळ नाण्याहून अधिक मोलाची आहे, आणि ती सांगितल्यावाचून पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीत आपला प्रवेश होऊ नये असे मला मनापासून वाटते.

एडवर्ड १९१० च्या मे महिन्यात निवर्तला आणि पाचवा जॉर्ज गादीवर आला. नव्या राजाची मुद्रा बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराने सिद्ध केली. रुपयावर राजाला मुकुट चढविला गेला, अंगावर राजवस्त्र आले आणि त्या वस्त्रावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या १८७८ साली स्थापन झालेल्या मानचिन्हाचा गळपट्टा आला. या गळपट्ट्यात कमळे, मोर आणि हत्ती गुंफलेले असतात. त्यांतील एक हत्ती राजाच्या छातीवर, नाण्याच्या खालच्या अंगास, नेमका दृष्टीस पडतो. हेतू हिंदुस्थानाविषयी आदर दाखविण्याचा होता, यात मला शंका वाटत नाही. परंतु तांदळाच्या कणीएवढ्या जागेत हत्ती बसवावयाचा, तोही टांकसाळीच्या ठशातून लक्षावधी वेळा उमटवावयाचा, म्हणजे सोंड आखूड होणे आणि पाय बुटके दिसणे ओघानेच आले. १९११चे रुपये बाजारात येताच लोकांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले, आणि राजाच्या छातीवर त्यांना हत्ती न दिसता डुक्कर दिसले.

ज्या देशात १८५७च्या काडतुसांची स्मृती वृद्धांच्या मनात अद्याप जिवंत होती, त्या देशात ही गोष्ट किती दाहक होती हे निराळे सांगावयास नको. मुसलमानास जो प्राणी निषिद्ध, तो नाण्यावर, आणि ते नाणे कनवटीस लावून मशिदीत जावयाचे! सरकारने तत्परता दाखविली. नाणेशास्त्राच्या ग्रंथांत जे आकडे मिळतात त्यांनुसार त्या साली सुमारे ९४ लक्ष रुपये पाडले गेले होते आणि त्यांपैकी सुमारे ७ लक्षच लोकांच्या हाती गेले होते. उरलेले रोखून पुन्हा मुशीत घातले गेले. नवा ठसा खोदला गेला, त्यात सोंड लांबविली, कान मोठे केले, आणि १९१२ पासून जो रुपया निघाला त्यावरील हत्ती हा निःसंशय हत्ती आहे.

आता या घटनेच्या कालाकडे लक्ष द्यावे. १९११ हेच दिल्ली दरबाराचे वर्ष. २ डिसेंबरला राजा व राणी मुंबईस अपोलो बंदरावर उतरली. आज तेथे जी भव्य कमान उभी आहे तिची कोनशिला पुढे १९१३ साली बसली आणि ती १९२४ साली पुरी झाली, म्हणजे ज्याच्या स्वागतार्थ ती उभारली त्याला येताना ती दिसलीच नाही. १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला, वंगभंग रद्द झाला, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. त्याच दरबारात, आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कौळाणे गावी जन्मलेले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी राजास थोडकेच अभिवादन केले आणि ते पाठ वळवून परतले, म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांत केवढा गहजब उडाला! (त्या प्रसंगास एक स्वतंत्र लेखांक द्यावा असे फार दिवस मनात आहे; तो मी देईनच.) आणि जेव्हा दिल्लीत तोफांच्या सलामी झडत होत्या, तेव्हा लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि त्यांची सुटका १९१४ च्या जूनपर्यंत झाली नाही.

राजाच्या परतीच्या प्रवासाशी आमच्या खानदेशाचा संबंध येतो. कलकत्त्याहून मुंबईस जाताना राजा-राणी नागपुरास थांबली आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावरून त्यांनी लोकांना दर्शन दिले; त्याचे स्मारक म्हणून तेथे एक स्तंभ आहे. नागपूरहून मुंबईस जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग बडनेरा, अकोला, मलकापूर, बोदवड, वरणगाव, भुसावळ असा येतो. तेव्हा आमच्या खानदेशातील स्थानकांवरून ती गाडी गेली असावी असे अनुमान करण्यास हरकत नाही. पण गेली असली तरी ती थांबली असण्याचे कारण नव्हते. ज्या राजाच्या नावाने सारा वसूल होत होता, ज्याच्या नावाने कचेरीत फैसले होत होते, तो आमच्या शिवारातून बंद खिडक्यांच्या डब्यातून निघून गेला असेल, आणि रुळांलगतच्या शेतात वेचणी करणाऱ्या बाईच्या कनवटीच्या गाठीत त्याचेच तोंड बांधलेले असेल. खानदेशात राजा दिसला तो एवढाच.

म्हणूनच माझे असे मत बनले आहे की, ब्रिटिश राजांविषयी आमच्या लोकांना काय वाटत होते हे जाणावयाचे तर मानपत्रे आणि दरबारी वृत्तान्त बाजूस ठेवावेत आणि रुपया हाती घ्यावा. मानपत्रे शहरांतील रावसाहेबांनी लिहिली. रुपयाविषयीचे मत सराफाच्या फरशीवर, कापसाच्या हंगामात, हजारो अनाम माणसांनी तो वाजवून दिले. खणखणीत वाजला तर राजा खरा, बद्द वाजला तर खोटा. एक तोळा वजन, म्हणजे १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन निखळ चांदी : १८३५ साली चौथ्या विल्यमच्या वेळी ठरलेले हे प्रमाण व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज या तिघांच्या कारकिर्दीत ढळले नाही. घरोघरी रुपया हा केवळ पैसा नव्हता, तो वजन होता. ऐंशी रुपयांचा शेर भरे आणि वैद्य रुपयाभार औषध सांगे. त्याला कडी लावून तो गळ्यात ओवला जाई, आटवून त्याची वाळी व तोडे होत. राजा बदलला तरी त्या चांदीत बदल होत नव्हता, आणि लोकांच्या दृष्टीने राज्याच्या स्थैर्याचा अर्थ एवढाच होता.

येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. १८९३ साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या आणि पुढे सोळा पेन्सांस एक रुपया, म्हणजे पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन, असा भाव बांधला. तेव्हापासून रुपयातील चांदी बाजारात रुपयापेक्षा पुष्कळ स्वस्त पडत होती. मधला फरक सरकारच्या शब्दावर, म्हणजे त्या शिक्क्यावर, तोललेला होता. शेतकऱ्यास हे ठाऊक नव्हते. तो सारे मोल चांदीस देत होता आणि सरकार ते सारे राजाच्या पुण्याईस जमा धरीत होते. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या, परंतु शांततेच्या काळात त्या एकमेकींस सांभाळून राहिल्या.

पहिल्या महायुद्धाने तो मेळ मोडला. चांदीचा भाव चढत चढत अशा ठिकाणी पोहोचला की रुपया खर्चण्यापेक्षा आटविणे किफायतशीर ठरले. रुपये खजिन्यातून निघत आणि परत येत नसत. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली, आणि तिच्यावर काय छापले? पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र! पाठोपाठ १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची नोट आली. ज्या मुखावर लोकांचा विश्वास आहे ते कागदावर छापले की कागदही चालेल, असा हिशेब त्यामागे दिसतो. तो हिशेब फसला. राजाचे तोंड तेच, मुकुट तोच. परंतु वाजवून पाहावे तर कागदास नाद नाही. नोटा बट्ट्याने वटू लागल्या, आणि १९१८ मध्ये पश्चिम आघाडीवरून पराभवाच्या वार्ता आल्या तेव्हा मुंबईत नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची झुंबड उडाली. अखेर अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या साठ्यातील २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली, तेव्हा कोठे सरकारची लाज राहिली. दोन्ही नोटा १९२६ च्या आरंभी बंद झाल्या. चांदी वजा केली असता राजाच्या नावाची किंमत किती उरते, याचा निकाल इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाने दिलेला नाही.

पाचव्या जॉर्जविषयी व्यक्तिशः द्वेष बाळगण्याचे आमच्या लोकांस कारण नव्हते. तो कर्तव्यनिष्ठ, नेमस्त आणि साध्या राहणीचा राजा होता, असे त्याचे टीकाकारही म्हणतात. परंतु १९११ साली लोकांच्या धर्मभावनेस ओरखडा उठताच ज्या सरकारने सुमारे ८७ लक्ष रुपये आटवून हत्तीची सोंड सुधारली, त्याच सरकारने त्याच राजाच्या नावाने १९१९ साली रौलट कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला अमृतसरला जे घडले ते घडले. नाण्यावरचा दोष दिसला तेव्हा ठसा बदलण्याची बुद्धी झाली. राज्यकारभारातला दोष लोकांनी ओरडून दाखविला तेव्हा ती झाली नाही. मला या दोन प्रसंगांची तुलना टाळता येत नाही, आणि ती टाळू नये असेही वाटते.

१९३५ च्या मे महिन्यात राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला आणि पुढील जानेवारीच्या २० तारखेस राजा वारला. त्याच १९३६ सालच्या डिसेंबरात, आठव्या एडवर्डने गादी सोडल्यास तीन आठवडेही झाले नव्हते तोच, खानदेशातच फैजपूरला पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. लंडनमध्ये एक राजा जाऊन दुसरा आला याची फिकीर त्या लोटलेल्या जनसागरास कितीशी असणार! त्यांचा पुढारी सहा बैलजोड्यांच्या रथातून त्यांच्याच रस्त्याने आला होता.

रुपयाची अखेर मात्र त्याच्या राजानंतर सात वर्षांनी आली. १९४० साली सहाव्या जॉर्जच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि जुने अस्सल चांदीचे रुपये क्रमाने व्यवहारातून काढले गेले : व्हिक्टोरियाचे १९४१ साली, एडवर्डचे १९४२ साली, पाचव्या जॉर्जचे १९४३ साली. कायद्याने ते चलन राहिले नाही. तरी पुष्कळांनी ते खजिन्यात भरले नाहीत. मडक्यात, भिंतीच्या कोनाड्यात, देवघराच्या पेटीत ते राहिले, आणि वरणगावच्या वाचकांच्या घरचा रुपया हा त्याच हिशेबी अविश्वासाचा वारसा आहे. त्याचे ते खरे मोल आहे, आणि ते १९११च्या रुपयाच्या मोलाहून कमी नाही.

ज्यांच्याकडे खरोखरीच १९११चा रुपया असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. साल नाण्याच्या मागील बाजूस, वेलबुट्टीच्या कड्यात, ‘वन रुपी इंडिया’ या अक्षरांखाली असते. पुढील बाजूस राजाच्या छातीवर, खांद्याच्या खालच्या अंगास, भिंगाने पाहावे आणि १९१२ नंतरचा कोणताही रुपया शेजारी ठेवून सोंडेची लांबी ताडावी. फरक लगेच कळतो. नाणे दुर्मीळ आहे, अप्राप्य नाही. म्हणून अवाच्या सव्वा किमतीवर विश्वास ठेवू नये. आणि कृपा करून ते रांगोळीने वा चिंचेने घासू नये. घासल्याने झळाळी येते, पण त्या हत्तीची आधीच आखूड असलेली सोंड पुसट होते आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत निम्म्याहून खाली येते.

भिंग हाताशी आहेच, तर ते तसेच राहू द्यावे. पुढील आठवड्यात टांकसाळींच्या खुणा निश्चितपणे घेऊ. पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर मागील बाजूस एक बारीक ठिपका असतो आणि कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो. आपापल्या घरचा रुपया वाचकांनी तोवर तपासून ठेवावा.