नजरकैद म्हणाले, तर आधी कागद मागा

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी पाड्यावर पोलीस येतात, कार्यकर्त्याला 'उद्या बाहेर पडायचं नाही' असे बजावतात आणि एक जण अंगणातच बसून राहतो. घरचे म्हणतात, "भाऊला नजरकैद केली." घाबरून बाकीचेही शेतावर जात नाहीत, मुलांची शाळा बुडते. पण कायद्याने ही नजरकैदच नव्हे.

अशा वेळी हातात पडते ती बहुधा 'एकशे एकोणपन्नासची नोटीस'. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते कलम १६८ झाले. बोलण्यात मात्र जुनाच आकडा चालतो. ही नोटीस म्हणजे ताकीद. तिच्या जोरावर कोणाला घरात कोंडता येत नाही. गुन्हा टाळण्यासाठी माणसाला धरायचेच असेल, तर कलम १७० खाली रीतसर अटक करावी लागते आणि २४ तासांत सोडावे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. अटक झाली की ती का झाली आणि माणसाला कुठे ठेवले आहे, हे घरच्यांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेच्या कागदावर घरातल्या किंवा गावातल्या जबाबदार माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. कोरा कागद पुढे केला तर सही करू नका.

खरी नजरकैद न्यायालय देते, तीही क्वचित. गौतम नवलखा यांच्या खटल्यात १२ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीचे वय, तब्येत, गुन्ह्याचे स्वरूप पाहून तुरुंगाऐवजी घरात कोठडी देता येईल. त्याच खटल्यातले, आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी मात्र जामिनाचा निर्णय होण्याआधी, ५ जुलै २०२१ रोजी, कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले.

त्या निकालातली दुसरी गोष्ट कुटुंबांनी नीट समजून घ्यावी. ठरलेल्या मुदतीत (साधारणपणे ६० किंवा ९० दिवस) आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. नवलखा २०१८ मध्ये ३४ दिवस घरात बंद होते. पण तो आदेश कोठडीच्या कलमाखाली (तेव्हाचे १६७, आताचे १८७) नव्हता, म्हणून ते दिवस मोजलेच गेले नाहीत. म्हणून आदेशाची प्रत मागा, आणि तो कोणत्या कलमाखाली आहे हे वकिलाकडून वाचून घ्या.

आदेशातल्या अटी मुळात त्या माणसावर असतात. बायको मजुरीला, मुले शाळेत जाऊ शकतात. फोन, पाहुणे, कॅमेरा यांच्या अटींची झळ सगळ्या घराला लागते, हे खरे. त्या बदलून मागण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. आणि खर्च! नवलखांना पहाऱ्यापोटी आधी २ लाख ४० हजार रुपये भरावे लागले, मे २०२४ मध्ये जामीन देताना आणखी २० लाख भरायला सांगितले. कुडाच्या एका खोलीच्या घराला हा मार्ग परवडणारा नाही. माझ्या मते आपल्या लोकांनी आधी जामीनच मागावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कागद नाही, अटकही दाखवत नाहीत आणि माणूस कोंडलेला आहे, अशा वेळी नातेवाईक किंवा मित्र उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करू शकतो.

'जबाबाला ठाण्यावर चला' असे घरातल्या बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला, साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला कोणी म्हणाले, तर त्यांनी जायची गरज नाही. कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून त्यांची चौकशी राहत्या घरीच व्हायला हवी.