उचल आधी, शिष्यवृत्ती नंतर

जून उजाडला की जामखेडच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या पोरापोरींच्या हातात एक पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल दिसू लागते. तिच्यात बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. सोबत बहुधा बाप किंवा मोठा भाऊ. आधी झेरॉक्सचे दुकान, मग महा-ई-सेवा केंद्र, मग तहसील, आणि सगळ्यात शेवटी महाविद्यालयाची खिडकी, असा त्यांचा दिवस जातो. खिडकीपाशी पोचेपर्यंत दुपार होते आणि तिथे कळते की एक कागद कमी आहे.

हा लेख त्या खिडकीवर आहे. प्रवेश, फी आणि शिष्यवृत्ती ही तालुक्याच्या महाविद्यालयातली सगळ्यात गजबजलेली आणि सगळ्यात कमी लिहिली गेलेली यंत्रणा. प्राचार्यांचे नाव स्मरणिकेत येते, गुणवंतांचे फोटो फलकावर लागतात. पण एखादी मुलगी पदवीपर्यंत पोचते की दुसऱ्या वर्षी गळते, हे पुष्कळदा याच खिडकीवर ठरते.

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचा, बालाघाटच्या डोंगररांगेतला तालुका. शिवेपलीकडे बीडचे आष्टी-पाटोदा आणि धाराशिवचे भूम-परंडा. गावाला रेल्वे नाही. जिल्ह्याचे ठिकाण पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागते आणि माणसे ऊस तोडायला कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. याच तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आणि खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. आजची लढाई उत्पन्नाच्या दाखल्याची आहे.

इथले जामखेड महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. महाराष्ट्रात तालुक्याच्या कॉलेजला लोक सरसकट ‘सरकारी’ म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी व्यवस्था वेगळी असते. संस्था गावातल्या पुढाऱ्यांनी, शिक्षणप्रेमींनी काढलेली आणि मंजूर पदांचे पगार सरकारचे. याला अनुदानित म्हणतात. अशा महाविद्यालयांत एकाच छताखाली दोन जाती नांदतात: अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी. बी.ए.चा वर्ग अनुदानित असेल तर फी आवाक्यातली. शेजारच्या खोलीत संगणकाचा किंवा व्यवस्थापनाचा विनाअनुदानित अभ्यासक्रम असेल तर त्याची फी कित्येक पट. कोणत्या दारातून आत गेलो, यावर पुढची तीन वर्षे अवलंबून असतात, आणि बारावी झालेल्या पोराला हा फरक बहुधा खिडकीवरच पहिल्यांदा कळतो.

प्रवेश मिळणे तसे अवघड नाही. शहरातल्या नामांकित महाविद्यालयांत टक्क्याच्या अपूर्णांकावर जागा जाते. इथे कला शाखेला गुणवत्ता यादी लावायची वेळ क्वचित येते. अर्ज भरायचा, विषय निवडायचे, विद्यापीठाच्या पात्रतेची पूर्तता करायची, की झाले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले आणि विषयनिवडीला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी नावे मिळाली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परत येण्याची सोय त्यात आहे. धोरण लिहिणाऱ्यांनी तिला लवचिकता म्हटले. ज्या घरात दर वर्षी कोणाला तरी शाळा सोडावी लागते, तिथे बाहेर पडण्याचा दरवाजा कोणी वेगळा दाखवावा लागत नाही. परत येण्याचा लागतो.

अवघड भाग पुढचा. गुण अडवत नाहीत, कागद अडवतात.

शिष्यवृत्ती हा शब्द एकवचनी असला तरी योजना डझनभर आहेत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा जुनी. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या वेगळ्या. खुल्या प्रवर्गातल्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना, उत्पन्नमर्यादा आठ लाख. तिला अजूनही सगळे ‘ईबीसी’च म्हणतात, कारण तिचे मूळ यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना दिलेल्या फीमाफीत आहे. बाहेरगावी खोली करून राहणाऱ्यांना स्वाधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा आणखी योजना. कागदावर पाहिले तर बहुतेक प्रत्येक गरीब मुलाला कुठली ना कुठली योजना लागू होते.

पण प्रत्येक योजनेला दाखले लागतात, आणि प्रत्येक दाखल्याचे घर वेगळे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, तोही गावच्या तलाठ्याच्या अहवालावर. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर प्रांतांच्या सहीचा. जामखेडचे प्रांत कार्यालय शेजारच्या कर्जतला. नर्सिंग, इंजिनिअरिंग किंवा कृषीच्या वाटेला जायचे तर जात पडताळणी जिल्ह्याच्या समितीची. हल्ली अर्ज ऑनलाइन होतात हे खरे, पण पुरावे ऑनलाइन उगवत नाहीत.

पुराव्याची अट मोठी विलक्षण आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा द्यावा लागतो. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. आता गंमत अशी, की ज्या पोराला शिकायला मदत हवी आहे, त्याचा आजोबा शाळेत गेलेला असला पाहिजे. मेंढरामागे हिंडणारा, सालगडी म्हणून राबलेला आजोबा शाळेच्या रजिस्टरात सापडत नाही. मग चुलत आजोबा शोधायचे, नाहीतर जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढायच्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात. नोंद सापडली तर ती मोडीत. पूर्वज शिवेपलीकडच्या आष्टी-पाटोद्याकडचे असतील, तर कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. मोडी वाचणारा माणूस गाठायचा आणि त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचे. एका मुलीच्या बी.ए.साठी घराण्याचा तीन पिढ्यांचा इतिहास धुंडाळला जातो, आणि तो वेळेत सापडला नाही तर तिचे ते वर्ष सवलतीविना जाते.

कागद जमले की ‘महाडीबीटी’. २०१७-१८ च्या सुमारास सगळ्या योजना या एका संकेतस्थळावर आणल्या गेल्या. त्याआधी अर्ज महाविद्यालयातून समाजकल्याणकडे गठ्ठ्याने जात, पैसे गठ्ठ्याने येत, आणि मधल्या गळतीच्या कहाण्याही गठ्ठ्याने असत. थेट खात्यात पैसे जमा करण्याचा हेतू रास्त होता. मात्र आता चूक झाली तर तीही थेट विद्यार्थ्याचीच. आधारवर नाव आधी आणि गुणपत्रकावर आडनाव आधी. बापाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो फोन ऊसतोडीला गेलेल्या भावाकडे. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो, तिथून पुढे खात्याच्या लॉगिनला जातो, आणि कुठेही खोट निघाली की परत फिरतो. त्याला ‘अर्ज त्रुटीत गेला’ म्हणतात. जुलै ते मार्च हे वाक्य खिडकीवर सर्वाधिक वेळा उच्चारले जात असेल.

दुसरे वाक्य: ‘खाते आधारला लिंक आहे का?’ पुष्कळांची दोन खाती असतात, एक शाळेत काढलेले आणि एक नंतरचे. पैसे ज्या बँकेत आधार शेवटी जोडले गेले तिथे जातात. मुलगा पहिल्या खात्याचे पासबुक भरून आणतो, रकाना कोरा दिसतो, आणि शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून खिडकीवर येतो. तिथला लिपिक पासबुक बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘मध्ये कुठं दुसरं खातं काढलं होतंस का रे?’ ही विद्या कोणत्याही परिपत्रकात नाही. अशा लिपिकाला समाजकल्याणच्या नियमांबरोबर घराघरांतले व्यवहारही ठाऊक असावे लागतात. चांगला लिपिक मिळालेले महाविद्यालय शेकडो मुलांचे नशीब राखते, आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की पुढची दोन वर्षे चाचपडण्यात जातात.

फी माफ झाली तरी शिक्षण फुकट होत नाही. अनुदानित बी.ए.ची फी हा खर्चातला लहान वाटा. मोठा वाटा एसटीचा, वह्या-पुस्तकांचा, खोलीचा, खाणावळीचा. अहिल्याबाईंच्या नावाची एसटीची मोफत पास योजना मुलींना बारावीपर्यंत आहे. म्हणजे अहिल्याबाईंच्याच तालुक्यातली मुलगी बारावीपर्यंत फुकट प्रवास करते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला पाऊल टाकते त्याच महिन्यात पासाचे पैसे सुरू होतात. विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सवलत आहे, रक्कम फार नसते; पण ज्या घरात मुलीच्या शिक्षणावर आधीच कुरकुर चालू असते, तिथे ‘आता पासालाही पैसे’ हे निमित्त पुरते. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय मोठाच आहे. पण त्या अभ्यासक्रमांची महाविद्यालये बहुतांशी शहरांत आहेत, आणि तिथवर पोचण्याचा, राहण्याचा खर्च माफ झालेला नाही.

रक्कम किती, हेही बघू. २०२१ मध्ये केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर सुधारले. त्यानुसार साध्या पदवीला घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फीव्यतिरिक्त मिळतात वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला अडीचशे.

याच पावसाळ्यात जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर आणखी एक प्रवेशप्रक्रिया चालू असते. ऊसतोडीचा मुकादम घरी येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, याप्रमाणे टोळी बांधतो आणि रोख उचल देतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आजोबांचा निर्गम उतारा लागत नाही, ओटीपी लागत नाही. पैसा आधी मिळतो, काम नंतर करायचे असते. त्या पैशातून दुखणी निघतात, लग्ने होतात, बियाणे येते. मग हंगामभर ती उचल फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षावर. व्यवस्था जाचक आहे, पण तिचे वेळापत्रक गरिबाच्या गरजेशी जुळते.

शिष्यवृत्तीचे उलटे. खर्च जूनमध्ये, अर्ज नंतर, छाननी हिवाळ्यात, आणि पैसे कधी वर्षअखेर, तर कधी पोरगा पुढच्या वर्गात गेल्यावर. आई-बाप तोडीवर गेलेले असतात तेव्हाच त्रुटी निघते आणि पालकांची सही लागते. घरातली धाकटी भावंडे आणि म्हातारी माणसे सांभाळायला मागे राहते ती बहुधा कॉलेजात नाव घातलेली मुलगीच. तिची हजेरी भरत नाही, आणि शिष्यवृत्तीला हजेरीची अट असते. शासनाची मदत पोचते, पण मुकादमानंतर पोचते. जामखेडसारख्या तालुक्यातली गळती समजून घ्यायची तर दर आणि योजना मोजण्याआधी ही दोन वेळापत्रके शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

महाराष्ट्राला हे कळले नव्हते असे नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांनी आधी वसतिगृह उभे केले. मुष्टिफंडाचे धान्य गोळा झाले, पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि पोरांच्या पानात भाकरी पडली. हिशेब मागाहून झाला. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आज पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासांवर काम करायचे आणि मानधन घ्यायचे. तिला जातीचा पुरावा लागत नाही, म्हणून खिडकीवर अडलेल्या मुलाला चांगला लिपिक पहिल्यांदा तीच सुचवतो.

खुद्द जामखेडनेही प्रवेशाची एक निराळी रीत जगाला दाखवली आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी आरोग्यसेविका निवडल्या त्या गावाच्या विश्वासावर. त्यांतल्या कितीतरी बाया निरक्षर होत्या, दलित होत्या. त्या प्रशिक्षणाला येत, गावी जाऊन काम करत, पुन्हा येत. बाळंतपणे, कुपोषण, कुष्ठरोग यांवर त्यांनी जे काम केले ते पाहायला देशोदेशीचे लोक जामखेडला येऊ लागले, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाविद्यालय असे चालवता येणार नाही, हे उघड आहे. सार्वजनिक पैशाला कागद लागणारच. पण माणसाला आधी आत घ्यावे आणि कागद मागाहून पुरे करावेत, हे याच गावात घडून गेलेले आहे.

अलीकडची एक गोष्ट योग्य दिशेची झाली. २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, आणि पहिल्या टप्प्याच्या तालुक्यांत पाथर्डीबरोबर जामखेडचे नाव होते. आई-बाप फडात असताना पोर गावात राहिले, तर हजेरी भरते, त्रुटी दुरुस्त होते, परीक्षा होते. त्या पोराला शिष्यवृत्तीच्या रकमेइतकीच या छपराची गरज आहे.

बाकीचे फार खर्चाचे नाही. दसऱ्याच्या आत, माणसे गावात असताना, वस्तीवर दाखल्यांचे शिबिर घ्यावे. मुलीचा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्यावा, छाननी मागून करावी. मुकादम कुठलाही दाखला न मागता पैसे देऊ शकतो, तर ज्याचा आधार क्रमांक आणि दाखला हातात आहे त्या विद्यार्थ्याला सरकारने एक हप्ता आधी द्यायला हरकत नसावी.

आणि वाचकहो, तुमच्या ओळखीत यंदा दहावीला बसलेले मूल असेल तर बारावीची वाट पाहू नका. दहावीच्या सुट्टीत आजोबांच्या शाळेत जाऊन निर्गम उतारा काढा, जातीच्या दाखल्याचा अर्ज टाका, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या आणि मुलाच्या नावचे एकच बँक खाते आधारला जोडून ठेवा. या चार कामांना मिळून फीच्या मानाने किरकोळ खर्च येतो.