ताऱ्यांचा हिशेब

आम्हा कोकणस्थांची कुलस्वामिनी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी. यंदा दर्शन आटोपून स्नेह्याच्या मुलाच्या खानावळीत जेवायला गेलो. भाकरी गरम, वरण सुरेख. मुलाचा चेहरा मात्र उतरलेला! गूगलवर खानावळीला ५ पैकी ३ च तारे. परगावचा यात्रेकरू मोबाइलमध्ये तारे पाहूनच पानावर बसतो ना!

"काका, पैसे टाकले की अभिप्राय विकत मिळतात," तो हळूच म्हणाला.

मी कागद घेतला. अभिप्राय अवघे १०, सरासरी ३; म्हणजे तारे ३०. आणखी १० जणांनी पाच-पाच दिले, तर २० जणांचे ८०, सरासरी ४! एवढ्यासाठी लबाडी कशाला? विकतचे अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली काढलेल्या 'आयएस १९०००' या मानकातही ते वर्ज्यच आहेत.

मग तक्रारी वाचल्या. चौघांचे दुखणे एकच: दुपारी दोननंतर भाकरी थंडगार. पोराने चौघांनाही नम्रपणे उत्तर लिहिले, तवा चारपर्यंत तापता ठेवला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "दोन शब्द लिहा, पण खरे लिहा."

परवा त्याचा फोन आला. "काका, ३.८ झाले!"

चाराला अजून थोडे कमीच आहेत. पण वाचकहो, आहेत ते त्याच्या तव्यावरचे आहेत!