घरची शाळा, घरची पुस्तकं : मेणबत्तीचं पान

आज गणिताच्या पुस्तकांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण मधल्या दिवसांत कोकणातून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न जास्त तातडीचा वाटला. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. तिसरीनंतर शाळा सोडून ती घरीच शिकते. ताईंनी तिच्यासाठी ‘करून पाहा’ थाटाची विज्ञानाची तीन पुस्तकं मागवली. तिन्ही रंगीत, गुळगुळीत कागदावरची, प्रयोगांनी खच्चून भरलेली. ‘यातलं ठेवू कुठलं आणि परत पाठवू कुठलं?’ असं त्या विचारतात.

पुस्तकं मी पाहिलेली नाहीत. पण ताई, त्यांत मेणबत्तीचा प्रयोग बहुतेक असणारच. आधी ते पान उघडा.

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. खाली खुलासा असतो : हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. चित्रातही पाणी बरोबर पाचव्या हिश्शापर्यंत चढलेलं दाखवतात.

हा खुलासा चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे हे नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू शकतं, म्हणून तर हे पान मला इतकं मोलाचं वाटतं. पाण्यात चिमूटभर हळद टाका, म्हणजे पातळी नीट दिसेल. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका, तिला बघू द्या. ज्योत जळते आहे तोवर पाणी फारसं हलत नाही. ती मंदावते, विझते आणि मग पाणी झपकन वर येतं. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असतं, तर ते ज्योत जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. आता ग्लास तोच ठेवून आत तीन मेणबत्त्या लावा. वाढदिवसाच्या केकवरच्या बारक्या चालतील. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. तरी पाणी आधीपेक्षा वर चढतं. ग्लास ठेवताना काठाशी नजर ठेवली, तर बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात.

या बुडबुड्यांत उत्तर आहे. ज्योतीने हवा तापते, फुगते आणि तिच्यातली काही बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

पाचवा हिस्सा खरोखर पाहायचा असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडाचा बारीक कीस आणा. तो व्हिनेगरमध्ये बुचकळून झटका, ग्लासाच्या तळाशी घट्ट बसवा आणि ग्लास पाण्यात उपडा ठेवा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि एक-दोन दिवसांत पाणी सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत येतं. स्टेनलेस स्टीलची घासणी मात्र घेऊ नका, ती गंजत नाही.

मेणबत्तीच्या पानावर पाचवा हिस्सा छापणाऱ्याने तो प्रयोग स्वतः लक्ष देऊन केलेला नाही, दुसऱ्या पुस्तकातून उचलला आहे. बाकीचे प्रयोग तरी त्याने केले असतील, असं मी धरून चालत नाही. असं पुस्तक परत पाठवा.

मेणबत्ती नसलीच, तर सूर्याचं पान शोधा. ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो’ असं लिहिलं असेल, तर अंगणात काठी रोवून ते तपासता येतं. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे तिथे सर्वांत आखूड सावली साधारण साडेबाराच्या आसपास किंवा त्यानंतर पडते. नागपुरात ती मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी पडते. आणि सूर्य अगदी डोक्यावर, म्हणजे सावली पायाखाली, असे दिवस महाराष्ट्रात वर्षातून दोनच. मुंबईत ते साधारण १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास येतात. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो, तेव्हा मे महिन्यातला चुकवू नका. जिभेचा नकाशा काढून गोड टोकाला आणि कडू मागे अशी वाटणी केलेली असेल, तर तेही चूक. जिभेवर साखर टेकवून मूल ते मिनिटभरात ताडून पाहील.

मग ठेवावं असं पुस्तक कसं असतं? माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ती ‘बाल वैज्ञानिक’ची पुस्तकं. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो शाळांत पोचला आणि २००२ साली सरकारने बंद केला. ही त्याची पुस्तकं. भाषा सोपी हिंदी, छपाई साधी. त्यांत प्रयोग सांगितलेला असतो आणि प्रश्न विचारलेले असतात, पण उत्तर दिलेलं नसतं. उत्तर मुलाने वहीत लिहायचं, दुसऱ्याशी ताडून बघायचं, जमलं नाही तर पुन्हा करायचं. परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची मुभा होती, कारण पुस्तकात उत्तर सापडणारच नव्हतं. मुलांच्या मनात येईल तो प्रश्न पोस्टाने विचारायला ‘सवालीराम’ नावाचं एक पात्रही त्यांनी निर्माण केलं होतं. शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलासाठी याहून योग्य पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

याच कार्यक्रमाच्या मुशीतून अरविंद गुप्ता घडले. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत होते. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ यांची त्यांची खेळणी ताईंच्या मुलीला नक्की आवडतील. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ मालिकाही तिसरी ते पाचवीच्या वयाला उत्तम आहे.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतातच. ती जवळ असू द्या, कारण पुढे दहावीला मुक्त शाळेतून बसायचं झालं तर कोणते विषय सुटले हे त्यांवरून कळतं. रोजच्या विज्ञानासाठी मात्र तेवढ्यावर थांबू नका.

गणिताचं पुढच्या रविवारी नक्की. तोवर कुणीही अबॅकसचा किंवा वर्कशीटचा महागडा संच मागवू नका, त्याबद्दल मला बरंच सांगायचं आहे.