माशाच्या कानातला खडा

मासळीबाजारात बरीच गिऱ्हाइकं डोकं नको म्हणतात. विकणारी मावशी ते बाजूच्या पाटीत टाकते, आणि माशाची ओळख सांगणारा सगळ्यात पक्का पुरावा त्या पाटीत जातो. नेवासा-शेवगाव भागात जायकवाडीच्या फुगवट्यातली मासळी येते, राहुरीकडे मुळा धरणातली. मी डोकी मागितली की मावशी खुशीत म्हणते, ‘‘न्या की, कालवणाला चांगली असत्यात.’’ मला हवा असतो तो कवटीतला खडा.

हाडं असलेल्या माशांच्या कवटीत, मेंदूच्या दोन्ही अंगांना, आतल्या कानात, चुन्याच्या खड्यांच्या तीन जोड्या असतात. सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस ही त्यांची नावं. शास्त्रज्ञ सगळ्यांना मिळून ऑटोलिथ म्हणतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला माशाला ते लागतात. जन्मभर त्यांच्यावर थरावर थर चढत राहतात, आणि एकदा चढलेला थर शरीर सहसा परत शोषून घेत नाही. म्हणून खडा कापून उजेडात धरला तर माशाचं वय वलयांवरून मोजता येतं. लहान माशांच्या खड्यांत रोजचं एकेक वलयही दिसतं, हे पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

खडा काढायला चिलापी सोपी. डोळ्यांच्या मागून कवटीचं झाकण सुरीनं आडवं उडवायचं, मेंदू चिमट्यानं अलगद उचलायचा. त्याच्या मागच्या भागाखाली, डावी-उजवीकडे, पातळ पापुद्र्याच्या पिशवीत पांढरा खडा बसलेला असतो. पिशवी फाडून तो पाण्यात चोळायचा आणि कागदावर वाळवायचा.  आतल्या बाजूवर लांबीच्या दिशेनं एक खोबण जाते. तिला सल्कस म्हणतात. खोबणीचा पुढचा भाग रुंद आहे का, मागचा सरळ जातो की खाली वळतो, तिचं तोंड कडेपर्यंत उघडं आहे का, यावर माशाचं कुळ ठरतं. कडेचे दाते, लांबी-रुंदीचं प्रमाण, पुढचं टोक या खुणा त्यानंतरच्या.

प्रत्येक माशात हा एकच खडा, म्हणजे सॅजिटा, पाहून मात्र भागत नाही. मरळ, चिलापी यांच्यात सॅजिटा मोठा. रोहू-कटल्यात तो सुईसारखा बारीक निघतो आणि हातात मोडतो. तिथे चपटा ॲस्टेरिस्कस शोधावा लागतो. शिंगाळ्यात लॅपिलस भरदार असतो. कोणता खडा हातात आहे आणि तो डावा की उजवा, हे आधी ठरवल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नसतो.

आता हेच काम उलट्या बाजूनं करायचं. मासा नाही, सांगाडा नाही, नुसता खडा आहे, आणि तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अहिल्यानगर जिल्ह्यात असा खडा मिळण्याची आशा कमी. इथला डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन थरांमध्ये फार तर तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. लाव्हा थांबलेल्या काळात साचलेली तळी मुख्यतः दख्खनच्या कडेकडेला टिकली: नागपूर, चंद्रपूर, हैदराबादचा परिसर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे जीवाश्म मासे स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये वर्णन केले आणि त्यातल्या एकाला, नागपूरच्या हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ, इओसेरॅनस हिस्लोपी नाव दिलं. पण असे सांगाडे क्वचित. तळ्याच्या चिखलात सुटे खडे राहतात.

ते काढण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात घाई चालतच नाही. माती कडक वाळवायची, रॉकेलमध्ये भिजवायची, रॉकेल निथळून वर गरम पाणी ओतायचं. ढेकूळ आपोआप फुटतं. मग बारीक चाळण्यांवर धुवायचं आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या टोकानं निवडत बसायचं. चुनखडीतून हाडं आणि दात मोकळे करायला ॲसिटिक ॲसिड वापरतात. इथे ते वापरलं तर दगडाआधी खडाच विरघळायचा.

अशा खड्यांवरून जातींना नावं देण्याची पद्धत जर्मनीच्या कोकेन यांनी १८८४ पासून रुळवली. आपल्याकडे आर. एस. राणा यांनी हैदराबादजवळच्या रंगापूरच्या थरातले खडे १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या एका, नोटोप्टेरसच्या कुळातल्या खड्याला त्यांनी ‘नोल्फी’ हे जातीचं नाव दिलं. डर्क नोल्फ हे ऑटोलिथचे बेल्जियन जाणकार. पुढे २००८ मध्ये नोल्फ, राणा आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी दख्खनच्या थरांतले आधीचे खडे पुन्हा तपासले. ही फेरतपासणी मला नव्या नावापेक्षा मोलाची वाटते. पिल्लाचा किंवा झिजलेला खडा दिशाभूल करतो. खोबण नीट उमटलेला, पूर्ण वाढीचा खडा असेल तरच नावाला वजन येतं. शंका असेल तिथे नुसतं कुळ लिहून थांबणं हेच खरं.

नोटोप्टेरसच्या कुळातला चपटा, पोटाखालून शेपटीपर्यंत लांब पंख असलेला मासा आजही गोदावरी-भीमेच्या पाण्यात आहे. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात पोहणाऱ्या माशाची ओळख पटवायची तर समोर आजच्या माशाचा खडा ठेवावा लागतो. आणि इथेच अडतं. बरणीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या माशाचा उपयोग होत नाही. ते द्रावण हळूहळू आम्ल होतं आणि खडे खाऊन टाकतं. ताज्या डोक्यातून काढून कोरडा ठेवलेलाच खडा लागतो. १९५२ मध्ये देशात आलेली चिलापी आज सहज मिळते. इथल्या मूळच्या माशांसाठी पहाटे जाळी येतात तिथे जावं लागतं.

जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांनी हे काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं. खर्च फारसा नाही. छोट्या डब्या, आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी: माशाचं नाव, लांबी, वजन, कुठल्या पाण्यातला, कोणत्या तारखेचा, खडा कोणता, डावा की उजवा. एकाच जातीचे लहान-मोठे निदान दहा-बारा मासे हवेत, कारण वाढीबरोबर खड्याचा आकार बदलतो. सुरुवात पावसाळ्यानंतर करावी, कारण विणीच्या दिवसांत मासे मारायला लावू नयेत.