म्हादईचे पाणी आणि कोळंबीचे ताट

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात पडणारे बहुतेक पाणी पूर्वेला जाते. निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेमार्गे कृष्णेला मिळते. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाही कृष्णेचीच वाट धरते. त्याच तालुक्यातील भीमगडच्या जंगलात जन्मणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. या पाण्याच्या वाटपावर लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यानुसार कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी, गोव्याच्या २४ आणि महाराष्ट्राच्या १.३३ टीएमसी पाणी आले. या वादात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, तो म्हणजे समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते. तो तपासायचा तर नदीच्या मुखाशी कोण काय खाते, हे पाहावे लागते.

तेथील सर्वांत मोठा भोजनवर्ग डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. कोळंबी, खेकडे, शेवंड यांच्या कवचधारी कुळातील कोपेपॉड हे जीव जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे असतात. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पती, विशेषतः डायाटम, हे त्यांचे मुख्य अन्न. तोंडाजवळच्या केसाळ उपांगांनी ते पाणी चाळणीसारखे गाळतात, असा समज अनेक वर्षे होता. १९८१ मध्ये अतिवेगवान चित्रीकरणाच्या आधारे कोएल आणि स्ट्रिकलर या संशोधकांनी निराळेच चित्र मांडले. एवढ्या लहान जिवाला पाणी काकवीसारखे दाट भासते. दाट द्रव बारीक केसांमधून सहजी गळत नाही, म्हणून कोपेपॉड पाण्याचा प्रवाह स्वतःकडे ओढतो आणि कण जवळ येताच त्याच्याभोवतीच्या पाण्यासकट तो पकडतो. या कोपेपॉडांवर बांगडा पोसला जातो. तारली बरेचसे डायाटम थेटही खाते.

कोळंबीचा आहार वयाप्रमाणे बदलतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक कोळंब्या अंडी समुद्रात घालतात. अंड्यातून बाहेर पडलेली पहिली अळी काहीच खात नाही; सोबत आणलेल्या पिवळ्या बलकावर ती जगते. पुढच्या अवस्थेत ती डायाटम खाते आणि त्यानंतर सूक्ष्म प्राणी टिपू लागते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले भरतीबरोबर मांडवी-जुवारीच्या खाड्यांत शिरतात आणि तळाशी राहू लागतात. खाजन शेतीच्या मानशीवर जाळे लावणाऱ्या गोमंतकीयाला ही ये-जा शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

खाडीत या पिल्लांचे जेवण चिखलात असते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या खारफुटीत गळणारे पान ताजे असताना कडवट आणि निकस असते. खेकडे ते कुरतडतात, जीवाणू व बुरशी त्यावर वाढतात आणि मग त्या तुकड्यांना कस येतो. कोळंबी हे तुकडे गिळते खरी. पण तिला पोसतात ते मुख्यतः त्यांच्यावरचे जीवाणू, चिखलावरची सूक्ष्म शैवाले आणि बारीक किडे. पान हे ताट, जेवण वेगळेच.

या ताटाशी म्हादईचा संबंध तीन प्रकारे येतो. ती गाळ आणते. खडक झिजून सुटलेली सिलिका आणते, जिच्यावाचून डायाटमला आपले काचेसारखे कवच बांधता येत नाही. आणि खारेपणाचा चढउतार घडवते. जून ते सप्टेंबर या काळात खाडीचा मोठा भाग जवळजवळ गोडा होतो, समुद्री कोपेपॉड बाहेर ढकलले जातात आणि वाढलेली कोळंबी समुद्राकडे निघते. पाऊस ओसरला की खारे पाणी पुन्हा आत सरकते. उन्हाळ्यात भरतीचा प्रभाव गांजेपर्यंत जाणवतो.

मात्र म्हादई अडवली की गोव्यातून बांगडा नाहीसा होईल, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. खुल्या समुद्रातील अन्नाचा मोठा साठा पावसाळ्यात खोलवरून वर येणाऱ्या थंड, पोषक पाण्यातून तयार होतो. त्याला नदीची गरज थोडी. नदीवर खरोखर अवलंबून असते ती खाडी आणि तिच्या मुखालगतचा उथळ समुद्र.

नाईल नदीच्या मुखाशी हे अवलंबन स्पष्ट दिसले. अस्वानच्या धरणाने १९६५ पासून पूर थांबवला. त्याआधी, १९६२ मध्ये, इजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावर तारलीवर्गीय माशांची पकड सुमारे १८ हजार टन होती. त्याच दशकाच्या अखेरीस ती हजार टनांच्याही खाली आली आणि कोळंबीही घटली. १९८०च्या दशकात पकड सावरली, पण त्याचे मोठे श्रेय शेतातील खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून आलेल्या पोषकद्रव्यांना दिले जाते. म्हादईची तुलना नाईलशी सरळसोट करता येत नाही. कर्नाटकाच्या १३.४२ पैकी ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे; कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी आहे. पावसाळी पुराच्या मानाने हा आकडा लहान आहे. उन्हाळ्यातल्या बारीक धारेच्या मानाने मात्र तो मोठा ठरतो. म्हणून किती पाणी वळवले याइतकाच ते कोणत्या महिन्यात वळवले हा प्रश्न खाडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या साखळीचा एक धागा घाटावरही पोहोचतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत बेळगाव-निपाणीकडच्या स्वयंपाकघरांत सुकट आणि जवळा काढला जातो. गोव्यात ज्याला गालमो म्हणतात, तोच हा जवळा. दोन-चार सेंटिमीटरचा हा जीव डायाटम आणि कोपेपॉड खातो. तळाकडचा कुजका पालाही त्याला चालतो.