एमडी करणाऱ्या पोराला सुट्टी मिळते तरी किती?

‘पोरगं डॉक्टर झालं, आता पोळ्यालाही घरी येत नाही,’ अशी तक्रार गावागावांत ऐकू येते. एमबीबीएसनंतर एमडी-एमएस करणारा निवासी डॉक्टर शिकतोही अन् वॉर्डही सांभाळतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार त्याला वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि ५ दिवस शैक्षणिक रजा आहे. बाळंतपणाची रजा वेगळी. आठवड्याला एक सुट्टीही आहे, पण कामाची निकड नसेल तर! खरी गोम इथंच आहे. वॉर्डात डॉक्टर कमी असले की निकड रोजचीच. हक्कापेक्षा जास्त रजा झाली तर तेवढे दिवस कोर्स लांबतो. त्यामुळे घरात लग्नाची तारीख धरण्याआधी पोराला ड्युटी विचारून घ्या.